उतरवलेला वाडा, उभे राहिलेले घर

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक महाल आहे, पण तो आज जिथे उभा आहे तिथे कोणी बांधलेला नव्हता. कोथरूडच्या एका जुन्या वास्तूचे उतरवलेले भाग शहरात आणून, संग्रहालयाच्या इमारतीत पुन्हा जोडून, तो मस्तानी महाल म्हणून मांडलेला आहे. दिवे, अडकित्ते, भांडी आणि वाद्ये पाहून थकलेला प्रेक्षक या दालनापाशी येतो, नावामुळे थबकतो, आणि मस्तानीविषयी काहीबाही बोलत पुढे जातो. लाकडाविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला मात्र त्या दालनात गेल्यावर इतिहासाइतकाच सुतारकामाचा प्रश्न पडतो: एका जागेचे घर उतरवून दुसऱ्या जागी उभे करता येते, ते कशामुळे? आणि तसे उभे केलेले घर किती प्रमाणात तेच घर असते?

या महालाची हकीकत थोडक्यात अशी. शनिवारवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात मस्तानीचा महाल होता आणि त्याला बाहेर पडायला स्वतंत्र दरवाजा होता. तो दरवाजा आजही मस्तानी दरवाजा म्हणून ओळखला जातो. पुढे १७३४ मध्ये पहिल्या बाजीरावाने कोथरूडला तिच्यासाठी वेगळी वास्तू बांधली. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे मंदिर आहे, त्याच परिसरात ती वास्तू होती. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला वारला, त्यामागोमाग मस्तानीही गेली, आणि तिची कबर पाबळला झाली. कोथरूडचे घर उरले, जीर्ण झाले आणि शेवटी उतरवले गेले. त्यातले जे टिकले ते केळकर संग्रहालयात आले.

ते तिथे यावे हे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या दृष्टीला धरूनच होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घराघरांतल्या वापराच्या वस्तूंचा ध्यास घेतला होता. समया, दौती, किसण्या, कुलुपे, कोरीव दरवाजे आणि झरोके, म्हणजे लोक ज्या गोष्टी अडगळ म्हणून माळ्यावर टाकत होते किंवा मोडीत घालत होते, त्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. सुमारे २० हजार वस्तूंचा तो संग्रह अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दरवाजा आणि झरोका या जर वस्तू असतील, तर अख्खे दालन हीसुद्धा एक मोठी वस्तूच, असा तो सरळ हिशोब आहे.

या हिशोबाबद्दल मला कृतज्ञता वाटते, आणि तरीही एक कुरकुर माझ्या मनात आहे. संग्रहालयाच्या दालनातले खांब कोणताही भार घेत नाहीत, कारण वरचे छप्पर सांभाळणारी इमारत वेगळी आहे. खांब तिथे दिसण्यासाठी उभे आहेत. संग्रहालयात याहून वेगळे काही शक्य नव्हते, हे मान्य. परंतु पुण्यातल्या वाड्यांच्या लाकडाला पुढे जे आयुष्य मिळाले त्यात या ‘दिसण्यापुरते उभे राहण्याचा’ वाटा फार मोठा आहे, आणि त्या लाकडाचा मूळ धर्म मात्र भार घेण्याचा होता.

वाड्याची बांधणी एकदा समजून घेतली की उतरवणे आणि पुन्हा जोडणे यात चमत्कार काही राहत नाही. घडीव दगडाचे जोते, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी हस्त, म्हणजे आधाराचे लाकडी हात, त्यांवर तुळई, तुळयांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, आणि कडीपाटावर माती-चुन्याची जमीन, असा तो क्रम असतो. बाहेरच्या जाड भिंती काही भार घेतात. पण चौकाभोवतालच्या सोप्यांचा, म्हणजे ओसरीवजा दालनांचा, आणि वरच्या मजल्याचा डोलारा बहुतांशी या लाकडी सांगाड्यावर उभा असतो. विटा किंवा पांढरी माती सांगाड्याच्या मधल्या जागा भरून काढतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे माप जुनी माणसे फुटांत न सांगता खणांत सांगत. खणाचे माप हाताशी असलेल्या तुळईच्या लांबीवरून ठरे. एका वाड्यातली बहुतेक तुळई साधारण एकाच लांबीची असे, आणि म्हणूनच एका सोप्यातली तुळई दुसऱ्या सोप्यात चाले.

सांधेही तसेच असतात. खांबाच्या माथ्यावर राखलेला चौकोनी खुंट तुळईच्या पोटातल्या खाचेत बसतो, सांध्यातून आरपार लाकडी खुंटी जाते, आणि कुठे ढिलाई राहिलीच तर पाचर मारली जाते. लोखंड लागते ते कडी-कोयंडे, बिजागऱ्या आणि पाट ठोकायचे खिळे यांच्यापुरते. पाचर काढली, खुंटी मागून ठोकून बाहेर काढली, तुळई उचलली, की सांधा सुटतो आणि लाकडाला इजा होत नाही. ज्या क्रमाने वाडा चढवला त्याच्या उलट क्रमाने तो उतरवायचा, एवढेच पथ्य असते. पुण्यात चांगला कारागीर आजही वाडा ‘पाडला’ म्हणत नाही, ‘उतरवला’ म्हणतो, आणि त्या दोन कामांची मजुरीही वेगळी असते.

विटांचीही गोष्ट सुताराच्या सांध्यासारखीच आहे. चुनखडी भट्टीत भाजली की चुनकळी मिळते; ती पाण्यात विरवून, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून, विटा जोडायचा मसाला केला जात असे. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून घेत सावकाश पुन्हा चुनखडीच होतो, आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. एवढे होऊनही तो विटेपेक्षा मऊच राहतो. म्हणून भिंत उतरवताना मसाला सुटतो आणि वीट शाबूत हाती येते. करणीने किंवा थापीने खरवडली की ती पुन्हा वापरायला तयार. सिमेंटच्या मसाल्याचे याच्या नेमके उलटे असते. तो विटेपेक्षा कठीण होतो, आणि भिंत फोडताना सांधा न सुटता वीटच तुटते. पेशवाई घडणीच्या पातळ विटा आज वेचून वापरता येतात आणि १९८० च्या दशकातल्या इमारतीच्या विटांचा मात्र राडारोडाच होतो, याचे कारण विटेच्या गुणात कमी आणि मसाल्याच्या स्वभावात जास्त आहे.

सागाबद्दल वेगळे सांगायला नको, तरी एक सांगतो. सागाच्या गाभ्यात असलेल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी आणि बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. जे लाकूड समुद्रात २०० वर्षे राहते त्याला नारायण पेठेतल्या सोप्यात काय होणार होते? सोप्यात त्याचा घात झाला तो पाण्याने कमी, आगीने आणि माणसांनी जास्त.

पुण्याने लाकूड गमावले ते बहुतेक वेळा एकदम. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला तेव्हा साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या बाजूने आला. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतला सारा लाकडी पसारा गेला आणि तट, दरवाजे व जोती एवढेच उरले. १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला, विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या भिंती विरघळून बसले. त्यानंतरचा ऱ्हास संथ आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठलेली भाडी, त्या भाड्यात डागडुजीही न परवडणारा मालक, घर सोडले तर हक्क जाईल म्हणून गळक्या छपराखाली राहणारा भाडेकरू आणि दर पावसाळ्याआधी येणारी धोकादायक वाड्याची नोटीस, हे चित्र पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. वाद संपतो तेव्हा वाडाही संपलेला असतो.

मग लाकूड कुठे जाते? पूर्वी ते बहुधा पुन्हा घरातच जात असे. आता पाडकामाचा ठेकेदार येतो, मालाची किंमत धरून मालकाला पैसे देतो, आणि वेळ वाचवण्यासाठी जेसीबी लावतो. त्यात निम्म्या तुळया मधोमध मोडतात. धड उरलेले लाकूड वखारीत जाते आणि घनफुटावर विकले जाते. त्यातले बरेचसे चिरून दारांच्या चौकटी आणि सोफ्यांचे पाय होतात. कोरीव गणेशपट्टी, महिरपी, सुरूच्या घाटाचे खांब हे वेगळ्या वाटेने शेतघरांकडे, रिसॉर्टांकडे आणि हॉटेलांच्या दर्शनी भागाकडे जातात. बिजागऱ्या आणि कड्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सापडतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून वेगळी काढलेली वस्तूसुद्धा पुरावस्तूच्या व्याख्येत बसते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे विकणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे.

या बाजाराला सरसकट नावे ठेवावीत असे मला वाटत नाही, कारण तो नसता तर हे सगळे जळणात गेले असते. परंतु एक भेद मी करतो. जे घर पडलेच आहे त्याचे सामान वापरणे वेगळे, आणि सामानाला गिऱ्हाईक आहे म्हणून उभे घर मोडणे वेगळे. दिल्लीत अब्दुर्रहीम खानखानाच्या मकबऱ्याचा संगमरवर काढून तो अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्याला लावला गेला. आज एक इमारत नटलेली आणि दुसरी सोललेली दिसते. उलट लंडनमध्ये १९२४ साली बांधलेल्या लिबर्टीच्या दुकानाला ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या मोडीत काढलेल्या दोन लढाऊ जहाजांचे लाकूड लागले. तिथे कोणाचे घर गेले नाही. कोरीव खांबाला चांगला भाव मिळतो हे कळल्यावर एखाद्या मालकाची डागडुजीची इच्छा किती टिकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या मामाच्या घराविषयी लिहायचे म्हणून हे सगळे लिहिले. आजोळचा वाडा नारायण पेठेत होता. भाऊबंदकी मिटली आणि इमारत उभी राहणार हे ठरले तेव्हा मामाने आपल्या वाट्याच्या पैशांतून थोडी रक्कम सोडून त्या बदल्यात लाकूड, विटा आणि जोत्याचा दगड मागून घेतला. बाकीच्यांना तो व्यवहार वेडेपणाचा वाटला. मुळशी रस्त्याला पिरंगुटच्या पुढे त्याची थोडी जमीन होती, तिथे हे सामान नेऊन त्याने घर बांधले, आणि तिथले खांब मात्र खरोखर भार घेतात.

वाडा उतरवण्याच्या आधी माझ्या मामेबहिणीने, ती वास्तुविशारद आहे, प्रत्येक तुकड्यावर पिवळ्या ऑईलपेंटने खूण केली: पूर्व सोप्याचा तिसरा खांब म्हणजे ‘पू ३’, त्याच्या डाव्या अंगाचा हस्त ‘पू ३ डा’, अशी. लाकडावर हिरव्या, निळ्या आणि सर्वांत खाली गेरूसारख्या रंगाचे थर होते. जुन्या तैलरंगांत शिसे असते, म्हणून ते जाळून काढण्याऐवजी ओले करून पत्र्याने खरवडावे लागले. मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधण्याचे काम. वखारीतले करवतवाले जुने लाकूड सहसा चिरायला घेत नाहीत, कारण आत तुटून राहिलेला एक खिळा पाते खराब करतो. त्यामुळे बराचसा भाग हातकरवतीनेच झाला, आणि खर्च तिथेच वाढला. जुन्या सामानाचे घर स्वस्त पडते हा गैरसमज मामाच्या हिशोबाच्या वहीने कायमचा दूर केला आहे.

बहिणीने आधी एक नकाशा काढला होता. सुबक होता. म्हातारे सुतार मिस्त्री तो बराच वेळ पाहत राहिले आणि मामाला म्हणाले, “साहेब, ही खोली चौदा फुटांची काढलीय ताईंनी, आणि आपली तुळई आहे साडेअकरा. जोड देऊन चौदा करता येईल, पण मग ती तुळई राहणार नाही. लाकडाला विचारून खोली काढा.” नकाशा बाजूला ठेवला गेला. मग अंगणात सगळ्या तुळया लांबीप्रमाणे लावल्या, दोन्ही टोकांचे सडके भाग छाटल्यावर काय उरते ते मोजले, आणि त्या मापांतून खण ठरले, खणांतून खोल्या ठरल्या. एरवी वास्तुविशारद आधी घर योजतो आणि मग सामान आणतो. इथे सामानाने घर योजले. बहीण आता म्हणते की तिला शिकताना जे कोणी सांगितले नाही ते त्या अंगणात कळले. मामाची बैठक त्यामुळे दोन खणांची, थोडी अरुंद आणि लांब झाली आहे. तिथे मोठा सोफा बसत नाही, म्हणून मामी अजून नाराज आहे.

दोन अडचणी सांगण्यासारख्या आहेत. पहिली खांबांची. तळखड्याजवळ वर्षानुवर्षे फरशी धुतल्याचे पाणी मुरून बहुतेक खांबांचे पाय वीतभर कुजले होते. कुजका भाग कापला तर छत तेवढे खाली येणार, आणि नवे लाकूड जोडले तर भार नेमका जोडावर येणार. मिस्त्रींनी खांब कापले आणि उंची दगडात भरून काढली; पाथरवटाकडून काळ्या दगडाचे उंच तळखडे घडवून घेतले आणि त्यांचा माथा किंचित उतरता ठेवला, म्हणजे पाणी खांबाशी थांबू नये. वाड्यातले मूळ तळखडे अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या पायऱ्यांना गेले.

दुसरी अडचण माजघरातल्या तुळईची. ती मधे खाली वाकली होती. सुतारांच्या भाषेत तिला पोट आले होते. अशी तुळई उलटी करून बसवतात, म्हणजे वाक वर येतो आणि वरच्या वजनाने काळाच्या ओघात सरळ होत जातो. मात्र याच तुळईच्या खालच्या अंगाला पाळण्याच्या दोन कड्या होत्या, आणि तुळई उलटली की त्या कड्या छतात गाडल्या गेल्या असत्या. मामा अडून बसला. त्या कड्यांना टांगलेल्या पाळण्यात तो, माझी आई, आणि पुढे आम्ही सगळी भावंडे वाढलो होतो. मिस्त्रींनी कड्या काढून पाहिल्या. त्यांच्या लोखंडी दांड्या तुळईतून आरपार गेल्या होत्या आणि वरून चकती बसवून ठोकलेल्या होत्या. चकत्या कापून, दांड्या उलट बाजूने पुन्हा घालून, कड्या परत खाली आणता आल्या. एका कडीच्या आतल्या कडेला दोरीच्या घासण्याने लोखंड निम्मे झिजले आहे, ते बोटाला लागते. आता तिथे झोपाळा आहे. मिस्त्रींनी बजावले आहे की त्याच्यावर एका वेळी एकच मोठे माणूस बसायचे, आणि हा नियम फक्त पाहुणे पाळतात.

खरी गंमत मात्र रंग खरवडताना बाहेर आली. प्रत्येक सांध्यापाशी छिन्नीने मारलेल्या उभ्या रेघा होत्या: खांबावर तीन रेघा, तर त्याच्या हस्तावरही तीन. लाकूड एकीकडे घडवून, तिथे जुळवून पाहून, मग जागेवर चढवताना गफलत होऊ नये म्हणून मूळ सुतारांनी केलेली ती नोंद होती. बहिणीच्या पिवळ्या खुणांनी जे काम केले तेच या रेघांनी आधीच्या पिढ्यांत केले होते. पण पश्चिम सोप्यातल्या पाच खांबांवर रेघांचे दोन संच निघाले, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. त्याच खांबांच्या अंगावर, तुळई किंवा पाट कधीही येऊ शकला नसता अशा उंचीवर, रिकाम्या खाचा होत्या. त्या लाकडाचे चौकोनी तुकडे ठोकून बुजवलेल्या होत्या आणि वर रंगाचे सगळे थर चढलेले होते, म्हणजे बुजवणे वाडा बांधतानाच झालेले.

मिस्त्रींनी एका खाचेतला तुकडा पटाशीने काढला, आत बोट घालून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “हे आधीच कुठंतरी उभं राहून आलंय.” आमचे पणजोबा सागाच्या नव्या लाकडाने वाडा बांधल्याची फुशारकी मारत असत, असे आजी सांगायची. पाच खांबांनी ती फुशारकी खोटी पाडली. ते कुठल्या घरातून आले हे कळायला मार्ग नाही. जुने लाकूड हाताशी असताना नव्यासाठी पैसे घालवणारा माणूस त्या काळच्या पुण्यात विरळाच असणार, इतके मात्र नक्की. संग्रहालयातल्या महालाकडे मी आता पाहतो तेव्हा तिथल्या खांबांवरही बुजवलेल्या खाचा आहेत का, याचा शोध घेत राहतो, आणि पहारेकऱ्याला माझा संशय येऊ लागतो.

या घरात सिमेंट अजिबात नाही असे समजू नका. पाया काँक्रीटचा आहे, न्हाणीघरे काँक्रीटची आहेत, आणि भूकंपाचा विचार करून भिंतींच्या माथ्यावर पट्टाही घातलेला आहे. मात्र वाड्याच्या विटांच्या भिंती चुन्यातच बांधायच्या हा आग्रह मामेबहिणीने सोडला नाही. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळायला फार वेळ लागला; मिळाले तेही प्रत्येक वेळी “थोडं सिमेंट टाकू का, लवकर धरेल,” असे विचारत होते. चुना लवकर धरत नाही ही त्यांची अडचण खोटी नव्हती. रोज थोडीच भिंत चढवायची, ती ओली ठेवायची, पावसात झाकायची, हा वेळ कोणाच्याही रोजंदारीच्या गणितात बसत नाही.

आणि कारागिरांचेही तसेच आहे. मिस्त्रींची दोन्ही मुले मॉड्युलर किचन बसवतात आणि बापापेक्षा चांगले कमावतात. त्यांच्या कामात प्लायवुड, डिंक आणि स्क्रू असतो. दहा-बारा वर्षांनी ते काढताना त्याचे काही उरणार नाही, पण तोवर गिऱ्हाईकालाही ते नकोसे झालेले असते, तेव्हा तक्रार कोणाचीच नाही. पेठांतल्या वाड्यांनंतर आता उपनगरांतल्या १९७०-८० च्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांच्यातून लोखंडी सळया, खिडक्यांचे गज आणि संडासाची भांडी निघतात आणि विकलीही जातात. बाकीचे डंपरने जाते. त्या इमारती वाईट बांधल्या होत्या असे नव्हे, फक्त उतरवण्याची शक्यता धरून त्या बांधल्या नव्हत्या.

ज्यांच्या घरी अजून वाडा उभा आहे आणि तो जाणार हे दिसते आहे, त्यांना मामेबहीण एकच सांगते: ठेकेदाराला बोलावण्याआधी माप घ्या. प्रत्येक खणाचे, प्रत्येक तुळईचे, चौकाच्या चारही अंगांचे माप आणि छायाचित्रे असली, तर लाकूड विकले गेले तरी घर कसे होते ते कागदावर राहते. आणि माप नसेल, तर अख्खे लाकूड ठेवूनही घर परत मिळत नाही, कारण चौक काही उचलून नेता येत नाही. मामाकडे चौक नाही. जागा होती, पण तेवढे खांब धड निघाले नाहीत.

दोन खांब आणि एक तुळई अजून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर आडवी ठेवलेली आहेत. एक दलाल अधूनमधून फोन करून भाव वाढवतो. मामा त्याला मागच्या पडवीचा नकाशा दाखवतो, ज्यात त्या तुळईच्या लांबीचा एकच खण आहे, आणि पावसाळा संपला की काम काढणार असल्याचे सांगतो.